लाइटरूमच्या कॅटलॉगमधून डार्कटेबलकडे जाताना बरोबर काय न्यावे?

सह्यवाट (धागाकर्ता) – ९ जून, रात्री १०:१२

मी २००८ पासून गडकिल्ल्यांची छायाचित्रे काढत आलो आहे आणि २०११ पासून ती सर्व लाइटरूम या छायाचित्र-संपादनाच्या प्रोग्रामच्या एकाच कॅटलॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, ठेवली आहेत. आज त्या कॅटलॉगमध्ये ६१,३४० छायाचित्रे आहेत. त्यांतील सुमारे ४८ हजार रॉ फाइली (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) असून उरलेल्या बहुतेक जेपेग आणि थोड्या टिफ आहेत. यंदा घरचा संगणक बदलताना लिनक्सवर जाण्याचे ठरवले. लाइटरूम फक्त विंडोज आणि मॅकवर चालते, त्यामुळे यापुढे संपादनासाठी डार्कटेबल आणि गरज पडलीच तर संग्रह लावण्यासाठी डिजीकॅम, असा बेत आहे.

सगळे एकदम हलवण्याआधी राजगडाच्या एका फेरीतील २०० छायाचित्रांवर प्रयोग करून पाहिला. पसंतीचे तारे आले, कीवर्ड आले, क्रॉपही बऱ्यापैकी जागेवर बसला. मात्र संजीवनी माचीच्या ज्या छायाचित्रावर मी एका रविवारची अख्खी दुपार घालवली होती, ते उघडले तेव्हा मन खट्टू झाले. आकाश गडद करण्यासाठी लावलेला ग्रॅज्युएटेड फिल्टर गायब होता आणि चिलखती तटबंदीवर ब्रशने वाढवलेला उजेडही गेला होता. आकाश पांढुरके आणि तटबंदी काळपट, असे ते मूळ रॉ फाइलीच्या जवळ जाणारे रूप होते. शिवाय ‘दिनदर्शिकेसाठी’, ‘प्रदर्शन – निवडक’ अशी माझी कलेक्शन (छायाचित्रांचे निवडक गट) कुठेच दिसत नाहीत, निवडीचे झेंडे दिसत नाहीत आणि एकाच छायाचित्राच्या रंगीत व कृष्णधवल अशा ज्या व्हर्च्युअल कॉपी (फाइलीची नक्कल न करता कॅटलॉगमध्येच ठेवलेल्या प्रती) केल्या होत्या, त्यांतील फक्त मूळ प्रत आली आहे.

यांतील काय माझ्या चुकीने राहिले आणि काय मुळातच येऊ शकत नाही, हे मला समजून घ्यायचे आहे. ज्यांनी असे स्थलांतर केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी निगेटिव्ह – ९ जून, रात्री ११:४८

तुमच्या प्रयोगात चूक झालेली नाही, परंतु ‘छायाचित्रे हलवणे’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याखेरीज पुढची पायरी ठरवता येणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे खुद्द फाइली. त्या डिस्कवर आहेत, त्या कॅटलॉगच्या आत कधीच नव्हत्या, त्यामुळे त्यांचे स्थलांतर म्हणजे निव्वळ नक्कल. दुसरी गोष्ट म्हणजे त्या फाइलींबद्दल तुम्ही वेळोवेळी नोंदवलेली माहिती: तारे, कीवर्ड, ओळी, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, अमुक छायाचित्र तमुक मालिकेत आहे ही नोंद. तिसरी गोष्ट म्हणजे संपादन, म्हणजे एक्स्पोजर इतके वाढवा, सावल्या इतक्या उघडा, या सूचना.

लाइटरूमचा कॅटलॉग ही वस्तुतः एसक्यूलाइट जातीची डेटाबेस फाइल आहे आणि दुसरी व तिसरी गोष्ट आधी तिच्यात लिहिली जाते. ती माहिती दुसऱ्या प्रोग्रामला वाचता यावी म्हणून छायाचित्राशेजारी एक्सएमपी नावाची साइडकार फाइल लिहावी लागते. जेपेग, टिफ आणि डीएनजी (रॉचाच एक खुला प्रकार) असेल तर तीच माहिती फाइलीच्या पोटात लिहिली जाते. हे आपोआप घडेलच असे नाही. कॅटलॉग सेटिंगमध्ये एक्सएमपीमध्ये बदल आपोआप लिहिण्याची खूण केलेली नसेल, तर सर्व छायाचित्रे निवडून कंट्रोल-एस दाबेपर्यंत काहीही बाहेर पडत नाही. तुमच्या २०० छायाचित्रांचे तारे आले याचा अर्थ ती खूण निदान कधीतरी केलेली होती, पण ६१ हजारांच्या बाबतीत विश्वासावर राहू नका. लायब्ररी फिल्टरमध्ये मेटाडेटा स्टेटस हा रकाना लावला, तर कोणत्या छायाचित्रांची माहिती अद्याप फाइलीत उतरलेली नाही, हे संख्येसह दिसते.

आता जे एक्सएमपीमध्ये जातच नाही त्याकडे वळतो. कलेक्शन जात नाहीत, स्टॅक (एकावर एक रचलेले छायाचित्रांचे गठ्ठे) जात नाहीत, व्हर्च्युअल कॉपी जात नाहीत आणि माझ्याकडे असलेल्या आवृत्तीत झेंडेही जात नाहीत. यावर उपाय एकच: जे जात नाही त्याचे रूपांतर जे जाते त्यात करावे, आणि ते लाइटरूम हाताशी असतानाच करावे. प्रत्येक कलेक्शन उघडून त्यातील सर्व छायाचित्रांना ‘संग्रह’ या मुख्य कीवर्डखाली त्या कलेक्शनच्या नावाचा उपकीवर्ड द्यावा. लाइटरूम कीवर्डची उतरंड मध्ये उभी रेघ देऊन लिहितो आणि डार्कटेबलही तीच खूण मानतो, त्यामुळे ‘संग्रह’ उघडले की त्याखाली दिनदर्शिका आणि प्रदर्शन जसेच्या तसे दिसतील. झेंड्यांसाठी न वापरलेला एखादा रंग द्यावा. व्हर्च्युअल कॉपी निवडून एक्स्पोर्टमध्ये मूळ स्वरूप मागितले, तर त्या प्रतीच्या सेटिंगसह एक वेगळी रॉ फाइल व साइडकार तयार होते. जागा जाते, पण प्रत हातातून जात नाही.

रंगांबाबत एक सूचना. लाइटरूम रंगाचे लेबल रंग म्हणून लिहीत नाही, तर शब्द म्हणून लिहितो. तुम्ही कधी लाल रंगाचे नाव बदलून ‘छापण्यासाठी’ असे केले असेल, तर एक्सएमपीमध्ये ‘छापण्यासाठी’ हा शब्द जाईल आणि समोरच्या प्रोग्रामला तो कोणता रंग हे कळण्यास मार्ग नाही. मूळ नावे परत लावून मगच पुन्हा लिहावे.

राहिले संपादन. डार्कटेबल पहिल्यांदा आयात करताना शेजारी लाइटरूमची साइडकार दिसली, तर क्रॉप, एक्स्पोजर, टोन कर्व्ह, क्लॅरिटी, व्हिनेट, ग्रेन अशा काही गोष्टींचे आपल्या भाषेत रूपांतर करून पाहतो. स्थानिक फिल्टर आणि ब्रश त्या यादीत नाहीत. जे येते तेही हुबेहूब नसते, कारण मुळात रॉ फाइलीतून रंग काढण्याची रीत, कॅमेऱ्याचे प्रोफाइल आणि क्रियांचा क्रम या तिन्ही गोष्टी दोन्हीकडे वेगळ्या आहेत. पाककृतीत ‘दोन वाट्या रवा’ असे लिहिलेले आहे, परंतु वाटी कोणाच्या घरची हे लिहिलेले नाही. लाइटरूममधील ‘सावल्या अधिक ४०’ या आकड्याची अवस्था नेमकी तशीच आहे. म्हणून संजीवनी माचीचे ते छायाचित्र आणि त्याच्या जातीची सर्व छायाचित्रे १६ बिटांच्या टिफ स्वरूपात पूर्ण आकारात काढून घ्या आणि ते संपादन संपले असे समजा.

मांडवाखाली – १० जून, सकाळी ९:०५

मी नाशिकला लग्नाची छायाचित्रे काढण्याचा व्यवसाय करतो आणि लाइटरूममधून कॅप्चर वन या दुसऱ्या विकतच्या प्रोग्राममध्ये गेलो आहे, त्यामुळे माझा रस्ता थोडा निराळा आहे. तेथे लाइटरूमचा कॅटलॉग थेट आयात करण्याची सोय आहे. कलेक्शनची मांडणी, तारे, रंग, कीवर्ड यांसह क्रॉप, फिरवणे, व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, कॉन्ट्रास्ट आणि सॅच्युरेशन एवढे येते. त्यापलीकडचे संपादन तिथेही येत नाही, म्हणजे जुनी निगेटिव्ह यांनी सांगितलेला वाटीचा प्रश्न पैसे मोजूनही सुटत नाही.

टिफबद्दल मात्र व्यवहाराच्या बाजूने थोडे वेगळे सुचवतो. २४ मेगापिक्सेलच्या एका छायाचित्राची १६ बिटांची टिफ फाइल सुमारे १४४ एमबी होते. तुम्ही पाच हजार छायाचित्रांच्या टिफ काढल्या तर पाऊण टीबीच्या आसपास जागा त्यातच जाईल. मी फक्त अल्बममध्ये गेलेल्या छायाचित्रांच्या, तेही पुन्हा हात लावण्याची शक्यता असेल तरच, टिफ काढतो आणि बाकीच्यांची पूर्ण आकाराची, उच्च दर्जाची जेपेग ठेवतो. २०१६ मधील एका लग्नाचा अल्बम घरच्या गळतीत भिजला म्हणून त्या कुटुंबाने गेल्या वर्षी तोच पुन्हा मागितला. वधूच्या शालूचा तोच राणी रंग हवा, ही त्यांची एकमेव अट होती. रॉ फाइली माझ्याकडे होत्या, नवा प्रोग्राम होता, तीन दिवस खटपट करूनही तो रंग जुळला नाही. शेवटी त्या वेळी दिलेल्या जेपेग जुन्या डिस्कवर सापडल्या आणि काम झाले.

पायवाट – १० जून, दुपारी १:३०

सगळे हलवण्याचा अट्टाहास कशासाठी, हे मला समजलेले नाही. जुना संगणक चालू स्थितीत ठेवावा, जुनी छायाचित्रे तेथेच उघडावीत आणि आजपासून काढलेली नवी छायाचित्रे डार्कटेबलमध्ये घ्यावीत. लाइटरूमची वर्गणी संपली तरी लायब्ररी उघडते आणि एक्स्पोर्टही करता येते, फक्त डेव्हलप आणि मॅप हे विभाग बंद होतात. मग एवढ्या खटाटोपाची गरज काय?

जुनी निगेटिव्ह – १० जून, रात्री ९:२०

पायवाट यांचा मुद्दा दोन-तीन वर्षांसाठी योग्य आहे आणि मी स्वतःही जुना कॅटलॉग लगेच पुसून टाकण्याच्या विरुद्ध आहे. परंतु हा मार्ग मी एकदा शेवटपर्यंत चालून पाहिला आहे. माझा संग्रह आधी अॅपर्चर या मॅकवरच्या अशाच प्रोग्राममध्ये होता. अॅपलने जून २०१४ मध्ये त्याचा विकास थांबवल्याचे जाहीर केले, २०१५ मध्ये तो विक्रीतून गेला, तरी माझ्या मॅकवर तो सुखाने चालत होता आणि मीही ‘चालते आहे तोवर चालू दे’ असेच म्हणत होतो. मोहावे ही तो चालणारी शेवटची मॅकओएस ठरली आणि २०१९ मधील कॅटालिनापासून तो उघडेनासा झाला. तोपर्यंत माझ्याकडे अॅपर्चर उघडू शकणारा एकच लॅपटॉप उरला होता आणि त्याची बॅटरी फुगलेली होती. चार्जर लावून, दर तासाला त्याला विश्रांती देऊन, १४ रात्री एक्स्पोर्ट केले. जे काम २०१५ मध्ये एका आठवड्यात निवांतपणे झाले असते, ते यंत्राच्या मर्जीवर करावे लागले. जुना प्रोग्राम धडधाकट असतानाच त्याच्याकडून माहिती लिहून घ्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे. नंतर तो कितीही वर्षे राहिला तरी हरकत नाही.

मांडवीकाठ – ११ जून, सायंकाळी ६:४०

धागा लाइटरूमचा आहे, पण घरोघरी अडकलेला संग्रह बहुधा पिकासा या गूगलच्या जुन्या छायाचित्र-प्रोग्रामचा असतो, म्हणून त्याबद्दलही येथे नोंदवते. आमच्या फोंड्याच्या घरातील जुन्या अल्बमची सुमारे चार हजार छायाचित्रे माझ्या वडिलांनी स्कॅन केली आणि पिकासामध्ये बसून प्रत्येक चेहऱ्याला नाव दिले. आता ज्यांना ती माणसे ओळखता येतील असे आमच्या घरी फक्त वडीलच आहेत, म्हणून ती नावे मला छायाचित्रांइतकीच महत्त्वाची वाटतात. गूगलने मार्च २०१६ मध्ये पिकासाच्या डेस्कटॉप आवृत्तीचा पाठिंबा बंद केला, तरी वडिलांचा प्रोग्राम पुढे बरीच वर्षे चालू होता.

पिकासा चेहरे, तारे आणि केलेले बदल प्रत्येक फोल्डरमधील पिकासा डॉट आयएनआय या लपलेल्या फाइलीत लिहितो आणि बदल सेव्ह केले की मूळ छायाचित्र त्याच फोल्डरमधील दुसऱ्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये सरकवून ठेवतो. माझ्या भावाने नवीन डिस्कवर नक्कल करताना फोल्डर न उचलता आतील दिसणारी छायाचित्रे तेवढी निवडून चिकटवली. नवीन डिस्कवर सर्व छायाचित्रे होती, एकही नाव नव्हते. जुनी डिस्क फेकलेली नव्हती म्हणून आम्ही वाचलो.

चेहऱ्याची चौकट त्या फाइलीत १६ हेक्साडेसिमल अंकांत (० ते ९ आणि a ते f) लिहिलेली असते. चार-चार अंकांचे गट पाडले की अनुक्रमे डावी, वरची, उजवी आणि खालची कड मिळते आणि प्रत्येकाला ६५,५३५ ने भागले की ती कड छायाचित्राच्या कितव्या हिश्श्यावर आहे ते कळते. सुरुवातीची शून्ये मात्र गाळलेली असतात, त्यामुळे चेहरा अगदी डाव्या काठाला असेल तर अंक १५ किंवा १४ भरतात आणि गट चुकीचे पडतात. माझ्या पुतणीने लिहिलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये हीच चूक होती आणि आजीचे नाव तिच्या शेजारच्या कुंडीला लागले होते. सुदैवाने हे सारे करण्याची गरज प्रत्येकाला पडणार नाही: पिकासाच्या ३.९ आवृत्तीत नावे छायाचित्राच्या आतच एक्सएमपीमध्ये लिहिण्याचा पर्याय आहे, तो लावून दिला की डिजीकॅम ती नावे चौकटीसह वाचतो. डार्कटेबलमध्ये चेहऱ्यांची सोयच नाही, हे सह्यवाट यांनी लक्षात ठेवावे.

सह्यवाट – १८ जून, रात्री ८:१५

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर लाइटरूममध्येच काम केले. ३४ कलेक्शनचे कीवर्ड केले, झेंडे जांभळ्या रंगात बदलले आणि शेवटी सर्व छायाचित्रांवर सेव्ह चालवले. ते रात्रभर चालले होते. येथे एक गोष्ट आधी कळली असती तर बरे झाले असते. जेपेगमध्ये माहिती फाइलीच्या आत लिहिली जात असल्याने १३ हजार जेपेग बदलल्या आणि दुसऱ्या दिवशी बॅकअपच्या प्रोग्रामने त्या सर्व नव्याने उचलल्या. रॉ फाइलींच्या बाबतीत फक्त काही केबींच्या साइडकार गेल्या.

लाइटरूम सोडण्यापूर्वी मी वहीत आकडे लिहून ठेवले होते. पाच तारे असलेली छायाचित्रे ४१२. डार्कटेबलमध्ये सर्व आयात झाल्यावर तोच आकडा ३९१ आला. एकूण छायाचित्रांची संख्या मात्र अचूक जुळते, म्हणजे २१ छायाचित्रे आली आहेत पण तारे आलेले नाहीत. शोधल्यावर लक्षात आले की ती सर्व दोनच फोल्डरांतील आहेत: ‘कऱ्हाड-वसंतगड-२०१३’ आणि ‘वऱ्हाड-गाविलगड-नरनाळा’. याहून चमत्कारिक म्हणजे नव्या डिस्कवर या नावाचे प्रत्येकी दोन फोल्डर दिसत आहेत. नाव अक्षरशः तेच. एकात रॉ फाइली आहेत, दुसऱ्यात केवळ साइडकार. एका ठिकाणी एकाच नावाचे दोन फोल्डर असूच शकत नाहीत, अशी माझी समजूत होती.

तपशील: २०१४ पर्यंत मी मॅक वापरत असे आणि तेथील छायाचित्रे नंतर घरच्या नेटवर्कवरून विंडोजवर आणली होती. आता वेळ वाचवण्यासाठी जुन्या रॉ फाइली त्या जुन्या मॅकवरूनच थेट लिनक्सवर पाठवल्या आणि साइडकार तेवढ्या विंडोजवरून घेतल्या.

जोडाक्षर – १८ जून, रात्री १०:५५

तुमच्या शेवटच्या परिच्छेदातच उत्तर आहे. दोष त्या ‘ऱ’चा आहे.

युनिकोड या अक्षरांच्या संकेतप्रणालीत ‘ऱ’ हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येते: एकतर त्याचा स्वतःचा एक संकेत आहे, किंवा ‘र’ लिहून त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचे टिंब). डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात आणि युनिकोडच्या नियमानुसार ते समानार्थीही आहेत, परंतु संगणकाच्या दृष्टीने बाइटांच्या दोन वेगळ्या माळा आहेत. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल व्यवस्था प्रत्येक नाव सुटे करून ठेवते, म्हणजे तुम्ही एकसंध ‘ऱ’ टाइप केला तरी डिस्कवर ‘र’ आणि नुक्ता असेच जाते. नेटवर्कवरून विंडोजला देताना मॅकने ते पुन्हा जोडून दिले, म्हणून तुमच्या विंडोजवर एकसंध ‘ऱ’ आहे. लिनक्स नावांत ढवळाढवळ करत नाही, जे बाइट येतील ते ठेवतो. मॅकवरून सुटा ‘ऱ’ आला, विंडोजवरून जोडलेला आला आणि दोन फोल्डर झाले. तुमच्याकडे ‘राजगड’, ‘हरिश्चंद्रगड’ यांना काही झाले नाही, कारण त्या नावांत सुटे होणारे अक्षरच नाही. मराठीत नेहमीच्या वापरातले असे अक्षर बहुधा ‘ऱ’ हे एकटेच, आणि नेमके ते कऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा, गोऱ्हे अशा शब्दांत बसलेले आहे.

फोल्डरचा उपाय सोपा आहे. नावे एनएफसी या जोडलेल्या स्वरूपात आणणारी छोटी साधने लिनक्सवर मिळतात. ती चालवण्यापूर्वी दोन्ही फोल्डरांतील फाइली हाताने एकत्र करा, आणि त्या छायाचित्रांच्या डार्कटेबलमधील नोंदी काढून ती नव्याने आयात करा. केवळ साइडकार शेजारी आणून ठेवली तर उपयोग होणार नाही, कारण डार्कटेबल लाइटरूमची साइडकार पहिल्या आयातीच्या वेळीच बघतो आणि तेव्हापासून स्वतःची वेगळी लिहू लागतो. लाइटरूमच्या साइडकारमध्ये रॉचे एक्स्टेन्शन गळते, डार्कटेबलच्या नावात ते राहते आणि त्यापुढे एक्सएमपी लागते, त्यामुळे दोन्ही शेजारी असतील तरी ओळखू येतात. मात्र डार्कटेबलची जुनी साइडकार तिथेच राहिली तर नव्या आयातीत तीच वाचली जाईल, म्हणून आधी ती पुसावी.

आता कीवर्ड तपासा. तेथे तिसरा प्रकारही असण्याची शक्यता आहे, कारण काही कळफलक ‘ऱ्ह’ लिहिण्यासाठी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशी योजना करतात. हे रूप वरील दोहोंशी युनिकोडनेही समान मानलेले नाही, त्यामुळे एनएफसी केले तरी ते वेगळेच राहील. इनस्क्रिप्ट कळफलकात शिफ्ट आणि जे दाबून येणारा ‘ऱ’ हा एकसंध असतो. मोबाइलवर आणि लिप्यंतराच्या साधनांवर काय येते, ते स्वतः तपासून पाहावे.

आणखी एक गोष्ट, हाच विषय आहे म्हणून. छायाचित्रांतील माहितीचा जुना आयपीटीसी साचा कीवर्डला ६४ बाइट देतो. इंग्रजीत ती ६४ अक्षरे होतात, पण देवनागरीचा प्रत्येक संकेत यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतो आणि काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार हे सगळे स्वतंत्र संकेत आहेत. ‘सिंधुदुर्ग किल्ला मालवण’ हा कीवर्ड मोजून पाहा: २१ संकेतांचे ६३ बाइट आणि दोन मोकळ्या जागा मिळून ६५. एका बाइटने ‘ण’ तुटतो आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो. एक्सएमपीमध्ये ही मर्यादा नाही, त्यामुळे असा चौकोन कुठे दिसला तर मूळ माहिती गेली असे समजू नका; तो प्रोग्राम जुना साचा आधी वाचत असतो. ठिकाण व किल्ला हे उतरंडीतील दोन कीवर्ड केले की प्रश्न मिटतो.

मांडवाखाली – १९ जून, सकाळी ८:५०

आमच्या व्यवसायात ‘वऱ्हाड आगमन’ हा कीवर्ड प्रत्येक लग्नात असतो. आत्ता शोधून पाहिले: २२ लग्नांपैकी ९ लग्नांचीच छायाचित्रे आली. उरलेल्या १३ लग्नांचे कीवर्ड माझ्या सहायकाने त्याच्या मोबाइलवरून दिले होते.

सह्यवाट – २ जुलै, रात्री ९:३०

फोल्डर एकत्र केले, डार्कटेबलच्या त्या छायाचित्रांच्या साइडकार पुसल्या आणि नव्याने आयात केले. पाच ताऱ्यांचा आकडा ४१२ झाला. त्यानंतर चार, तीन, दोन आणि एक तारा, पाचही रंग आणि ‘संग्रह’ खालील ३४ उपकीवर्ड असे सर्व आकडे वहीशी ताडून पाहिले. दोन कलेक्शन वगळता सर्व जुळले. त्या दोन्हींमध्ये व्हर्च्युअल कॉपी होत्या आणि त्या मी वेगळ्या रॉ फाइली म्हणून काढल्या असल्यामुळे आकडा वाढला आहे, तो बरोबर आहे.

कीवर्डमध्ये ‘वऱ्हाड’ खरोखरच तीन निघाले. एकाखाली ११२, दुसऱ्याखाली ९ आणि तिसऱ्याखाली ५ छायाचित्रे होती. तिसरे रूप मी २०१९ च्या नरनाळ्याच्या फेरीत परतीच्या गाडीत बसून लॅपटॉपवर दिलेल्या कीवर्डचे आहे, तेव्हा त्यावर वेगळा कळफलक होता. डार्कटेबलमध्ये दोन टॅगना एकच नाव दिले की ते एकत्र होतात का, हे आधी तीन फालतू छायाचित्रांवर करून पाहिले आणि मग खऱ्यांवर केले.

संपादनाबाबत मांडवाखाली यांचा सल्ला मानला. पाच ताऱ्यांपैकी १८६ छायाचित्रांच्या टिफ काढल्या, उरलेल्या पाच आणि चार ताऱ्यांच्या छायाचित्रांच्या पूर्ण आकाराच्या जेपेग काढल्या आणि त्याखालच्या कशाच्याही काढल्या नाहीत. तीन ताऱ्यांचे काहीतरी राहिले अशी रुखरुख दोन दिवस होती. मग ती छायाचित्रे डार्कटेबलमध्ये पुन्हा चाळली तेव्हा लक्षात आले की २०१२ च्या सुमारास मी हिरवा रंग किती भडक करत असे; त्यांतील बहुतेक नव्याने करावी अशीच आहेत.

संजीवनी माचीचे छायाचित्र टिफ म्हणून सुरक्षित आहेच, पण रविवारी हौसेने रॉ फाइलीपासून पुन्हा करून पाहिले. आकाशासाठी ग्रॅज्युएटेड डेन्सिटी आणि तटबंदीभोवती हाताने आखलेला मास्क वापरला. जुन्यासारखे ते झाले नाही. तटबंदीच्या आतल्या बाजूची सावली या वेळी मी तशीच काळी ठेवली आहे, कारण सकाळी सातला तेथे उजेड नव्हताच.

जुना संगणक दिवाळीपर्यंत ठेवणार आहे. कॅटलॉगची एक प्रत नव्या डिस्कवर आणि एक बहिणीच्या घरी दिली आहे.

मांडवीकाठ – ३ जुलै, दुपारी १२:१०

‘गोऱ्हे’ हे आमच्या आत्याच्या सासरचे आडनाव आहे. डिजीकॅममध्ये त्या आत्याची दोन वेगवेगळी माणसे का दिसत होती, ते आज कळले. वडिलांना दाखवते.